करेक्शन की मंदी? राजारामपुरीतील दोन दिवसांच्या बाजार-वर्गाचे परीक्षण

जून २०२५ मधील एका शनिवार-रविवारी कोल्हापुरातील राजारामपुरीत भरलेल्या शेअर बाजाराच्या वर्गाला मी साडेतीन हजार रुपये भरून बसलो होतो. वर्गाचा विषय एवढाच होता, की बाजार पडू लागला म्हणजे त्या पडण्याला करेक्शन, म्हणजे तात्पुरती घसरण, म्हणायचे की बेअर मार्केट, म्हणजे मंदी, हे कसे ओळखावे आणि ओळखल्यावर काय करावे. वर्ग भरविणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. शिकविणाऱ्या सरांविषयी मला बरेच चांगले लिहायचे आहे, संस्थेच्या व्यवहाराविषयी मात्र तसे नाही, आणि नाव दिले तर वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त तक्रारच राहील.

मी शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीत हिशेब पाहतो. इतरांचा पैसा रोज पै-पैसा जुळवून ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशाच्या बाबतीत किती बेहिशेबी वागावे याला काही मर्यादा असेल, तर ती मी दोनदा ओलांडली आहे, आणि दोन्ही वेळी एका शब्दाने माझी फसगत केली आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एकाच दिवशी ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक कोसळला, तेव्हा जिकडे तिकडे ‘मंदी’ हा एकच शब्द ऐकू येत होता. मंदी आली म्हणजे आता वर्षानुवर्षे काही खरे नाही, अशी माझी समजूत असल्यामुळे त्याच आठवड्यात मी म्युच्युअल फंडांतील सर्व रक्कम काढून घेतली. निफ्टीचा, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा, त्या सोमवारचा ७,६१० हा बंद भाव हाच त्या पडझडीचा तळ ठरला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बाजार नव्या उच्चांकावर गेला, तेव्हा माझे पैसे बचत खात्यात झोपलेले होते.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट होती. सप्टेंबर २०२४ नंतर बाजार घसरू लागला, तेव्हा वर्तमानपत्रे आणि ओळखीचे जाणकार सारेच ‘हे केवळ करेक्शन आहे’ असे सांगत होते. त्यामुळे मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी राखून ठेवलेली रक्कम मी लहान कंपन्यांच्या शेअरांत पैसे घालणाऱ्या एका स्मॉलकॅप फंडात निर्धास्तपणे तशीच राहू दिली. फेब्रुवारी २०२५ अखेर ती ६ लाख ४० हजारांवरून ४ लाख ९० हजारांवर आली. प्रवेशाची वेळ चार महिन्यांवर आली होती आणि निर्देशांकाला अजूनही करेक्शनच म्हणत होते. साडेतीन हजारांची पावती फाडताना माझ्या मनात हा हिशेब होता.

पहिल्या दिवसाची सकाळ वाया गेली, हे आधीच सांगून टाकतो. नऊची वेळ दिली होती, सुरुवात पावणेदहाला झाली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेणबत्तीसारख्या आलेखांचे प्रकार, त्यांची जपानी नावे आणि प्रोजेक्टरची खराब तार यांतच वेळ गेला. ज्याला बाजार ठाऊक आहे त्याला यातून नवे काही मिळाले नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला काही कळले नाही. आम्ही पस्तीसेक जण होतो. त्यांत गुजरीतील सराफी पेढीवर काम करणारे दोन तरुण, मार्केट यार्डात गुळाची अडत असलेले एक वयस्कर गृहस्थ, शिरोळ तालुक्यातील तीन-चार ऊस बागायतदार, एक निवृत्त शिक्षिका आणि माझ्यासारखे नोकरदार होते. पहिल्या पडद्यावर ठळक अक्षरांत ‘बाजारातील सुधारणा’ असे शीर्षक होते. कोणी तरी करेक्शन या शब्दाचे कोशात पाहून भाषांतर केले असावे. आपल्याकडे पेशंटची तब्येत सुधारली म्हणजे तो घरी जातो. येथे सुधारणा म्हणजे दहा टक्के नुकसान, हे समजून घेताना अर्धा वर्ग हसत होता.

दुपारी मात्र सरांनी पडदा बंद करून खडू हातात घेतला आणि वर्गाला खरी सुरुवात झाली. प्रचलित व्याख्या सोपी आहे: अलीकडच्या उच्चांकापासून निर्देशांक १० टक्के किंवा त्याहून अधिक घसरला तर करेक्शन, आणि २० टक्के किंवा त्याहून अधिक घसरला तर बेअर मार्केट. या व्याख्येवर न थांबता सरांनी आपल्याच बाजारातील घसरणी फळ्यावर एकाखाली एक मांडल्या, आणि प्रत्येकीसमोर उच्चांक, तळ व टक्केवारी लिहिली. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,२८७ वर बंद झाला होता, तो ऑक्टोबरअखेर २,५२४ वर आला, म्हणजे ६० टक्के गेले. मार्च २०१५ मधील ८,९९६ पासून फेब्रुवारी २०१६ मधील ६,९७० पर्यंतची घसरण साडेबावीस टक्के भरते. २०२० ची घसरण ३८ टक्के होती. ऑक्टोबर २०२१ ते जून २०२२ या काळात निफ्टी १८,४७७ वरून १५,२९३ वर, म्हणजे १७ टक्के खाली आला, आणि २६ सप्टेंबर २०२४ च्या २६,२१६ पासून ४ मार्च २०२५ च्या २२,०८२ पर्यंतची घसरण १५.८ टक्के होती.

फळा भरल्यावर सरांनी विचारले, की २०१५-१६ मध्ये बेअर मार्केट आले होते हे कोणाकोणाला आठवते? एकही हात वर झाला नाही. व्याख्येप्रमाणे ते बेअर मार्केट होते. पण वर्षभर संथपणे, रोज थोडे थोडे झिजत गेल्यामुळे ते कोणाच्या स्मरणातच राहिले नव्हते. उलट २०२४-२५ ची घसरण व्याख्येप्रमाणे साधे करेक्शन होते, तरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी उणे राहण्याचा प्रकार १९९६ नंतर प्रथमच घडला होता, आणि वर्गातील जवळजवळ प्रत्येकाला ती मंदी वाटली होती. माणसाला टक्के लक्षात राहत नाहीत, धक्का लक्षात राहतो, असे माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या.

याच बाईंनी पुढे सरांची एक चूकही पकडली. छापील पुस्तिकेतील तक्त्यात २०२४-२५ ची घसरण १७ टक्क्यांहून अधिक दाखविली होती, आणि फळ्यावर १५.८ टक्के लिहिली होती. “सर, पुस्तिकेत एक माप आणि फळ्यावर दुसरे माप वापरले आहे काय?” असे त्यांनी विचारले, आणि तसेच निघाले. पुस्तिकेत दिवसभरातील टोकाचे भाव घेतले होते, म्हणजे २७ सप्टेंबरचा २६,२७७ आणि ७ एप्रिल २०२५ चा २१,७४३; फळ्यावर बंद भाव होते. मापाबरोबर तळाची तारीखसुद्धा महिनाभराने बदलते, ही गोष्ट मी हिशेबाच्या धंद्यात असूनही कधी पाहिली नव्हती. सरांनी चूक तिथल्या तिथे मान्य केली आणि बंद भावाची पद्धतच अधिक रूढ असल्याचे सांगितले. पण संस्थेने साडेतीन हजार रुपये घेऊन दिलेल्या पुस्तिकेत ही गल्लत असावी, हे बरे नाही.

त्यानंतर सर अमेरिकेकडे वळले, आणि येथे मला वर्गाची पहिली खरी किंमत वसूल झाल्यासारखे वाटले. २०१८ मध्ये तेथील एस अँड पी ५०० हा निर्देशांक २० सप्टेंबर ते २४ डिसेंबर या काळात बंद भावांच्या हिशेबाने १९.८ टक्के घसरला आणि तेथून वर फिरला. म्हणजे दोन दशांश टक्क्यांनी त्याचे बेअर मार्केट हे नाव हुकले. आता ज्या माणसाचे शंभराचे ८० रुपये २० पैसे राहिले त्याला करेक्शन सोसावे लागले, आणि ज्याचे ८० राहिले त्याला मंदी, असे म्हणण्यात काय अर्थ आहे? वीस टक्के ही रेष मोजणाऱ्यांनी सोयीसाठी ओढलेली आहे. त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे बाजाराचा स्वभाव बदलत नाही.

यावर मागच्या बाकावरील शिरोळच्या एका बागायतदाराने जे सांगितले ते मी माझ्या वहीत जसेच्या तसे लिहून घेतले आहे. “सर, आमच्याकडं राजाराम बंधाऱ्याची पट्टी बघत्यात. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. पण पट्टी काय सांगती? पाणी कुठपर्यंत आलं एवढंच. ते किती दिवस ऱ्हाणार हे पट्टी न्हाई सांगत. ते बघायचं तर धरणाकडं बघावं लागतंय, राधानगरीचं दरवाजं उघडलं काय, वरती पाऊस हाय काय, खाली पाणी पुढं सरकतंय काय.” पंचगंगेचे पाणी पाहत मोठ्या झालेल्या माणसांना याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नव्हती. सरांच्या ध्यानात ते तत्काळ आले, आणि वर्ग संपेपर्यंत ते ‘पट्टी’ आणि ‘धरण’ हेच शब्द वापरीत राहिले. शिकविणाऱ्याने विद्यार्थ्याकडून शब्द घ्यावा आणि त्याचे श्रेय त्याला द्यावे, हे आपल्याकडील वर्गांत क्वचितच दिसते.

धरणाकडे पाहणे म्हणजे बाजाराच्या बाबतीत काय पाहणे, यावर शनिवारची उरलेली दुपार गेली. भाव खाली येण्याची दोन मुख्य कारणे असतात: एकतर कंपन्यांचा नफा घटू लागतो, किंवा नफा तोच राहतो आणि त्या नफ्यासाठी लोक पूर्वी देत होते तेवढी किंमत देईनासे होतात. गुळाच्या अडत्यांनी ही गोष्ट आपल्या भाषेत सांगितली. हंगामात आवक वाढली की सौद्यात भाव उतरतो, त्याला यार्डात कोणी मंदी म्हणत नाही. गुजरातचे गिऱ्हाईकच फिरकेनासे झाले, म्हणजे मंदी. २०२१-२२ ची घसरण सरांनी सांगितलेल्या दोन कारणांपैकी दुसऱ्या कारणाची होती. अमेरिकेतील व्याजदर वाढू लागले, युक्रेनचे युद्ध सुरू झाले, परकीय वित्तसंस्था विकत राहिल्या. पण येथील कंपन्यांची कमाई मोडली नव्हती. २०१५-१६ मध्ये चीनने आपल्या चलनाचे मूल्य कमी केल्यानंतर २४ ऑगस्ट २०१५ रोजी सेन्सेक्स एका दिवसात १,६२४ अंकांनी पडला, हे सर्वांना दिसले. पण खरे दुखणे घरातच होते. कंपन्यांचा नफा वाढत नव्हता आणि रिझर्व्ह बँकेने बँकांची मालमत्ता नव्याने तपासायला घेतल्यावर थकीत कर्जांचे आकडे बाहेर पडू लागले होते.

२००८ साली दोन्ही कारणे एकत्र आली, आणि त्यांत तिसरे मिसळले: पैसा उसना मिळणेच बंद झाले. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर जगभर कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही, आणि परकीय संस्थांनी येथील शेअर विकून पैसा मायदेशी नेला. सरांचे म्हणणे असे, की पडझडीत जेव्हा कोणी तरी देणे फेडू शकत नाही असे दिसू लागते, तेव्हा पट्टीवरील आकडा लहान असला तरी सावध व्हावे. हे मला पटले, कारण आमच्या फौंड्रीच्या व्यवहारातही मागणी कमी होणे वेगळे आणि ग्राहकाचा धनादेश न वटणे वेगळे. पहिल्याने महिना बिघडतो, दुसऱ्याने वर्ष.

२०२४-२५ च्या बाबतीत सरांनी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे ९४,००० कोटी रुपयांचे शेअर विकले, आणि त्याच महिन्यात एसआयपीच्या (दरमहा ठरावीक रक्कम गुंतविण्याच्या) मार्गाने म्युच्युअल फंडांत आलेली रक्कम प्रथमच २५,००० कोटींच्या वर गेली. २००८ मध्ये असा दुसरा ओघ नव्हता, म्हणून परकीयांनी हात काढला की जमीनच सरकत असे. येथे मात्र मी स्वतः एक पुस्ती जोडीन: हा ओघ ज्या मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंडांकडे अधिक वळला होता, त्याच शेअरांचे भाव नफ्याच्या मानाने सर्वांत महाग झाले होते, आणि निफ्टी १६ टक्क्यांवर थांबला असताना स्मॉलकॅप निर्देशांक २० टक्क्यांहून अधिक पडला. म्हणजे एकाच वेळी, एकाच बाजारात, निफ्टीवाल्याला करेक्शन होते आणि मला बेअर मार्केट. मी वर्तमानपत्रात ज्याचे नाव वाचत होतो तो निर्देशांक माझ्याकडे नव्हताच. राजाराम बंधाऱ्याची पट्टी वाचून आपल्या शेताचा अंदाज बांधावा, आणि शेत मात्र नदीच्या भलत्याच वळणावर असावे, तशी ही गत होती.

जेवणाविषयी दोन ओळी. शनिवारी मिसळ होती, तिचा कट चांगला झणझणीत होता आणि पाव ताजे होते; रविवारी कोणत्या तरी केटररकडील पनीर होते, त्याबद्दल न लिहिणेच बरे.

रविवारची सकाळ हा या वर्गाचा सर्वोत्तम भाग होय, आणि केवळ त्यासाठीही मी कोणाला या वर्गाची शिफारस करीन. सरांनी जुने आलेख आणले होते, त्यांवरील साल आणि निर्देशांकाचे आकडे कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकलेले होते. प्रत्येक आलेख घसरणीच्या मध्यावर तोडलेला होता. येथे टक्क्यांची व्याख्या बाजूला ठेवून, घसरण लवकर सावरणारी वाटली तर ‘करेक्शन’ आणि लांबणारी वाटली तर ‘मंदी’, एवढेच प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यायचे, आणि मग पट्टी काढून पुढचा भाग पाहायचा.

पहिल्या आलेखात बाजार पाच आठवड्यांत २९ टक्के पडला होता. पस्तीसपैकी तीस चिठ्ठ्या ‘मंदी’च्या निघाल्या, माझीही त्यांतच होती. पट्टी काढली तेव्हा ते मे-जून २००६ निघाले: सेन्सेक्स १२,६१२ वरून ८,९२९ वर आला होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा आधीच्या उच्चांकावर पोहोचला होता. दुसऱ्या आलेखात एक खोल दरी होती आणि त्यानंतर दीड महिन्यात बाजार १९ टक्के वर आलेला होता. सकाळी ठेच लागलेली असल्यामुळे आम्ही बहुतेकांनी ‘करेक्शन, आणि ते संपले’ असे लिहिले. सराफी पेढीवरील तरुणांपैकी एकाने तर चिठ्ठीखाली ‘आत्ता खरेदी’ असेही लिहून ठेवले होते. पट्टी निघाली ती २००८ ची. मार्चमध्ये सेन्सेक्स १४,८०० च्या आसपास येऊन २ मे रोजी १७,६०० वर गेला होता, आणि तेथून ऑक्टोबरअखेर ८,५०९ वर आला. मे महिन्यात ज्याने सुटकेचा निःश्वास टाकून पैसे घातले, त्याची सहा महिन्यांच्या आत अर्ध्याहून अधिक रक्कम गेली असती. मोठ्या मंदीतील अशा उसळ्याच माणसाला सर्वांत महाग पडतात, कारण पडत्या बाजारात भीती निदान हात बांधून ठेवते, उसळी तो सोडवते.

आठ आलेख झाल्यावर चिठ्ठ्यांची बेरीज केली, तेव्हा वर्गाची एकूण उत्तरे नाणे उडवून दिली असती तर जेवढी बरोबर आली असती, साधारण तेवढीच बरोबर होती. सरांनी स्वतःचीही चिठ्ठी आधी कधी तरी अनोळखी आलेखांवर टाकून पाहिली होती, आणि तिचा निकाल आमच्याहून फारसा बरा नव्हता, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

मग मला राहवले नाही आणि मी विचारले, की आलेखावरून कळत नाही हे मान्य. पण शनिवारी शिकविलेल्या धरणाकडे पाहण्याच्या पद्धतीने तरी जानेवारी २००८ मध्ये काय उत्तर आले असते? तेव्हा देशाची वाढ जोरात होती, कंपन्यांचे निकाल चांगले होते आणि लेहमनला आठ महिने अवकाश होता. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “जानेवारीत मीसुद्धा करेक्शनच म्हटले असते. जूननंतर कदाचित म्हटले नसते.” या एका उत्तरामुळे माझा त्यांच्यावरील विश्वास वाढला. नाव मागाहून पडते. ज्या वेळी निर्णय घ्यायचा असतो त्या वेळी घसरण निनावीच असते.

यानंतर सरांनी जो शेवटचा तास घेतला, तो फार साधा होता. टक्केवारीचे उलटे गणित त्यांनी करून दाखविले: २० टक्के पडल्यावर मूळ जागी यायला २५ टक्के चढावे लागते, ३८ टक्क्यांनंतर सुमारे ६१ टक्के, आणि ६० टक्क्यांनंतर दीडशे टक्के. मग प्रत्येकाला आपल्या गुंतवणुकीची यादी करायला लावून प्रत्येक रकमेसमोर तिची गरज कोणत्या महिन्यात लागणार आहे ते लिहायला सांगितले. माझ्या यादीतील पहिल्याच ओळीसमोर ‘जुलै २०२५, प्रवेश’ असे लिहिताना माझा पेन थांबला. २००८ मध्ये पडलेला निफ्टी जुन्या उच्चांकापर्यंत यायला नोव्हेंबर २०१० उजाडावा लागला, २०२० मध्ये मात्र तळापासून साडेसात महिने पुरले. पण माझ्या त्या रकमेला साडेसात आठवड्यांचीही सवड नव्हती. तिच्यापुरते करेक्शन काय आणि बेअर मार्केट काय, दोन्ही सारखेच. निवृत्तीसाठी ठेवलेली रक्कम मात्र अठरा वर्षांनी लागणार आहे, आणि नेमकी तीच मी २०२० मध्ये घाबरून काढून घेतली होती.

आता तक्रारी. सरांची दोनशे दिवसांच्या चल सरासरीवर, म्हणजे गेल्या दोनशे दिवसांच्या भावांच्या रोज पुढे सरकणाऱ्या सरासरीवर, नको तेवढी श्रद्धा आहे. बाजार त्या रेषेखाली गेला की धोका, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पण त्यांनीच आणलेल्या आलेखांत बाजार या रेषेखाली जाऊन आठवड्याभरात वर आल्याची उदाहरणे होती, आणि प्रत्येक वेळी विकून पुन्हा घेणाऱ्याला दलाली व अल्पकालीन नफ्यावरील २० टक्के कर किती पडेल याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. भाव नफ्याच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या पी-ई गुणोत्तराचा तक्ता तर मी हिशेबनीस म्हणून फेटाळीन. निफ्टीचे हे गुणोत्तर काढताना राष्ट्रीय शेअर बाजार २०२१ पर्यंत कंपन्यांचा स्वतंत्र नफा धरीत असे, आणि त्यानंतर उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरू लागला; त्यामुळे आकडा एका रात्रीत खाली आला. पुस्तिकेत २००८ आणि २०२४ चे आकडे एकाच रांगेत मांडून ‘बाजार पूर्वीइतका महाग नाही’ असा निष्कर्ष काढला होता. दोन वेगळ्या वजनांनी तोललेला माल एकाच पावतीवर लिहावा, तसला हा प्रकार आहे.

व्याख्यान शुद्ध, समजेल अशा मराठीत होते, पण पुस्तिका सगळीच्या सगळी इंग्रजीत. शिरोळहून आलेल्या मंडळींनी ती पहिल्या तासानंतर पिशवीत घातली ती पुन्हा काढली नाही.

सर्वांत खटकलेली गोष्ट वर्गाबाहेरची आहे. शेअर बाजाराची नियंत्रक संस्था असलेल्या सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केल्यानुसार, केवळ शिक्षण देणाऱ्याला अलीकडच्या तीन महिन्यांतील भाव वापरून पुढच्या भावांविषयी बोलता येत नव्हते, आणि सर ही मर्यादा काटेकोरपणे पाळत होते. रिझर्व्ह बँकेने वर्गाच्याच महिन्यात, म्हणजे जून २०२५ मध्ये, रेपो दर साडेपाच टक्क्यांवर आणला होता, त्यावरून आता बाजार कुठे जाईल असे एकाने विचारले, तेव्हा त्यांनी हात जोडले. पण रविवारी संध्याकाळी बाहेर पडताना दारातील टेबलावरचा तरुण प्रत्येकाला अठरा हजारांचा पुढचा अभ्यासक्रम आणि त्याबरोबर ‘रोजचे कॉल’, म्हणजे कोणता शेअर घ्यावा-विकावा याचे सल्ले, देणारा व्हॉट्सअॅप गट विकत होता. नोंदणीकृत सल्लागार किंवा संशोधन विश्लेषक म्हणून तुमचा सेबी क्रमांक काय, असे मी विचारले. त्यावर त्याने “साहेब, तो ऑफिसमध्ये आहे” असे उत्तर दिले. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवरील करारांच्या व्यवहारात, उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तोटा झाल्याचे सेबीचाच अहवाल सांगतो, आणि सरांनी तो आकडा त्याच सकाळी फळ्यावर लिहिला होता. भिंतीच्या आत एक आणि बाहेर दुसरे, याबद्दल मी संस्थेला लेखी कळविले. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

मुलीच्या प्रवेशाची रक्कम मी वर्गानंतरच्या सोमवारीच काढून घेतली. तोवर बाजार बराच सावरलेला असल्यामुळे पाच लाख ८५ हजार हाती आले. उरलेली तूट दिवाळीच्या बोनसमधून भरायची आहे. दुसरी, अठरा वर्षांची रक्कम मी निर्देशांकाच्या फंडात एसआयपीने पुन्हा सुरू केली आहे.

ज्यांना या वर्गाला जायचे असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी मराठी पुस्तिका मिळणार काय हे विचारून घ्यावे, पहिल्या दिवशी दुपारी दीडला पोहोचावे, आणि रविवारी मात्र पहिल्या दोन रांगांत जागा धरावी, कारण मागच्या बाकांवरून झाकलेल्या आलेखांच्या पट्ट्या तेवढ्या दिसतात, रेषा दिसत नाहीत.